मिठाच्या रस्त्यावरचा जुलै

जून लागला की कुवेतच्या आभाळाचा निळा रंग जातो. वायव्येकडून कोरडा वारा सुटतो, इराकच्या बाजूची पिठासारखी माती उचलून आणतो आणि दोन-तीन दिवस सगळं शहर त्या मातीत बुडवून ठेवतो. इथले लोक तिला तोझ म्हणतात. एगैलातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरून एरवी समुद्राची एक पातळ रेघ दिसते. तोझ आली की समोरची इमारतसुद्धा दिसत नाही. मी टॉवेल ओले करून खिडक्यांच्या फटींत कोंबते, तरी माती येतेच. उशीवर येते, दातांखाली येते, झाकून ठेवलेल्या भाताला तिचा वास लागतो.

यंदा ती पहिल्याच आठवड्यात आली. मी ज्या शाळेत लहान वर्गांना शिकवते, तिथून परीक्षा पुढे ढकलल्याचा निरोप आला आणि मी तीन दिवस घरात एकटी राहिले. लेक सना कॅनडात शिकते. माझे पती इक्बाल दोन वर्षांपासून कोकणात, त्यांच्या गावच्या घरी आहेत. ते तिथे का आणि मी इथे का, हे विचारणाऱ्यांना मी सनाच्या फीचं कारण सांगते. ते कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

तोझ आली की मला सात वर्षांपूर्वीचा जून आठवतो आणि त्याला लागून आलेला जुलै. जून इथला, जुलै आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा. माझ्या मनात ते दोन महिने मिळून एकच ऋतू झालेला आहे, आणि दर वर्षी तो येतो.

इक्बाल तेव्हा शुऐबातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. कामगार टाकीत किंवा कुठल्याही बंद जागेत उतरायचा असला, की आधी यंत्र सोडून आतली हवा तपासायची, आकडे कागदावर लिहायचे आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. त्या कागदाला परमिट म्हणतात. सही झाली की माणूस आत जातो. मध्ये सुट्टी झाली, काम थांबलं, की हवा पुन्हा तपासायची आणि पुन्हा सही करायची. इक्बाल या बाबतीत कडक म्हणून प्रसिद्ध होते. कामगार त्यांना पाठीमागे मास्तर म्हणत.

दीपक तिथेच पाइप फिटर होता. आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा इक्बाल त्याला एका शुक्रवारी घरी घेऊन आले. मी आत सनाला रागावत होते, आमच्या बोलीत. तो सिंकखाली आडवा पडला होता, तिथूनच त्याने विचारलं, भाभी, तुम्ही दाभोळच्या काय? मी हो म्हटलं. तो पाना हातात घेऊन बाहेर आला आणि हसायला लागला. त्याचं घर खाडीच्या पलीकडच्या काठाला, गुहागरच्या बाजूला होतं. लहानपणी संध्याकाळी आमच्या मशिदीतली अजान पाण्यावरून ऐकू आली की त्याची आई त्याला खेळातून घरी बोलवायची. त्या दिवसापासून त्याने मला भाभी म्हणणं सोडलं आणि ताई म्हणायला लागला.

मग तो बहुतेक शुक्रवारी जेवायला यायचा. बॅचलर खोलीत आठ जण राहत, तिथे आठवडाभर तीच आमटी. आमच्याकडे जेवताना तो लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून व्हिडिओ कॉल लावायचा, म्हणजे त्याच्या आईला आणि बायकोला, सुजाताला, ताटात काय आहे ते दिसे. सुजाता गावच्या अंगणवाडीत काम करायची. ती लाजून कमी बोलायची. आई मात्र मला सगळं विचारून घ्यायची. आमचा दीपक नीट वागतो ना, उन्हातून टोपी घालून जातो ना. लहानपणापासून सावध पोर आहे हो, ती सांगायची, विहिरीच्या काठाला म्हणून कधी उभा राहिला नाही.

त्या जूनमध्ये, तोझ सर्वांत दाट असलेल्या दिवशी, दीपक टाकीत उतरला आणि परत आला नाही. आत विषारी वायू साठला होता. त्याला काढायला गेलेला दुसरा माणूस वाचला. दीपकला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. परमिटवरचे आकडे स्वच्छ होते, सही होती, वेळ होती. मग चूक कुणाची? दीपकचा मास्क टाकीच्या तळाशी त्याच्या बाजूला सापडला होता. त्याने आत गेल्यावर मास्क काढला, असा निष्कर्ष निघाला. गरम होत असेल, श्वास कोंडत असेल, काढला असेल. कागद बंद झाला.

सुजाताला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. इक्बाल बोलण्याच्या स्थितीत नव्हते आणि कंपनीचा माणूस हिंदीतून काहीतरी गोलमोल बोलला होता. मी तिला फोन करून सांगितलं की त्याने मास्क काढला होता. तेव्हा मला तेच खरं वाटत होतं. मागे तिची सासू विचारत होती, काय म्हणते, काय म्हणते ती.

केपटाउनची तिकिटं आधीच काढलेली होती. शंभर वर्षांपूर्वी आमच्या कोकणातली बरीच मुसलमान घरं तिकडे गेली, त्यात इक्बालच्या आजोबांचे भाऊ होते. त्यांच्या पणतीचं लग्न होतं. मी म्हटलं, नको जायला. इक्बाल म्हणाले, जाऊ. त्या महिन्यात त्यांनी घेतलेला तो एकच निर्णय.

तिथे जुलैत हिवाळा असतो. लग्नघरात पाऊस, चिखल, बिर्याणीचे हंडे आणि इंग्रजी बोलणारी शेकडो नातेवाईक मंडळी. एक म्हातारी फुफी, म्हणजे नात्यातली आत्या, होती. तिने कोकण कधी पाहिलं नव्हतं, पण ती पागोळी म्हणायची, मुसळी म्हणायची, आम्ही विसरलेले शब्द तिच्या तोंडात जिवंत होते. तिने इक्बालचा चेहरा दोन्ही हातांत धरून मला विचारलं, याला काय झालंय? मी दमलेत असं सांगितलं. फुफी म्हणाली, दमलेला माणूस झोपतो. हा तर झोपेतही जागा दिसतो.

लग्नानंतर इक्बालनी गाडी भाड्याने घेतली. सना चुलत बहिणींबरोबर राहायला एका पायावर तयार होती. आम्ही दोघं उत्तरेला निघालो, नामिबियाच्या दिशेने. कशासाठी, ते मी विचारलं नाही. ते गाडी चालवत होते, तेवढं मला पुरेसं होतं.

त्या प्रवासाचं मला सलग काही आठवत नाही, तुकडे आठवतात. ऑरेंज नदीचं हिरवं पाणी आणि दोन्ही बाजूंना भाजलेल्या विटांसारखे डोंगर. नदी ओलांडल्यावर डांबर संपून सुरू झालेला खडीचा रस्ता, त्यावर तासन् तास एकही गाडी नाही. बारक्या चणीचे रानटी घोडे, वाळवंटात एका हौदाभोवती माना खाली घालून उभे. पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाची पापुद्र्यासारखी पातळ साय. कुवेतमध्ये राहिलेल्या माणसाला वाळवंट गार असू शकतं हे पटत नाही. मी सनाची लोकरी टोपी घालून बसायचे आणि इक्बालना सफरचंदाच्या फोडी द्यायचे. ते घ्यायचे, खायचे, पुढे बघायचे.

ल्युडरिट्झजवळ एक ओसाड गाव आहे, कोल्मान्स्कोप. हिरे सापडत होते तोवर तिथे माणसं राहिली, हिरे संपले तशी निघून गेली, आणि वाळू घरांत शिरली. आता पर्यटक तिकीट काढून ती घरं बघायला येतात. दारं अर्ध्यापर्यंत पुरलेली, भिंतींवर फुलांचा कागद तसाच, खोलीत कमरेइतकी वाळू. फोटो फार सुंदर येतात. मी एका दारातून वाकून आत गेले आणि इक्बालना हाक मारली. ते आले नाहीत. बाहेर येऊन पाहिलं तर ते चौकटीला हात लावून उभे होते आणि मला म्हणत होते, बाहेर ये, नसीम, आधी बाहेर ये. छप्पर उडालेलं घर होतं ते, वरून ऊन पडत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की केपटाउनपासून ते कुठल्याही खोलीत माझ्या आधी जातात, जरा थांबतात, नाकाने हवा घेतात आणि मग मला बोलावतात. मला वाटलं, धक्का बसलाय, ओसरेल.

पुढे वाळूच्या लाल टेकड्या आल्या. पायथ्याशी वाळलेल्या चिखलाच्या पांढऱ्या खळग्यात शेकडो वर्षांपूर्वी मेलेली झाडं उभी आहेत. तिथे कुजणं नाही, कारण ओल नाही. मेलेलं मेलेल्याच अवस्थेत उभं राहतं. एका जर्मन बाईने तिथे आमचा फोटो काढला. इक्बालचा हात माझ्या खांद्यावर आहे, मी हसते आहे. तो फोटो अजून आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. पाहुणे विचारतात, कुठला, काय सुंदर जागा. मी नाव सांगते.

मग किनारा लागला. आमच्या समुद्राची मला लाज वाटावी इतका तो समुद्र मोठा आणि निर्दय होता. आमच्या खाडीचं पाणी माणसाला घरी आणतं. तिथलं पाणी थंड, करडं, आणि सकाळपासून धुकं. स्वाकोपमुंडच्या उत्तरेला रस्ता मिठाचा आहे. मीठ, चिखल आणि पाणी दाबून केलेला, गुळगुळीत, काळपट. डावीकडे लाटांचा आवाज, उजवीकडे वाळवंट, आणि दोन्ही धुक्यात. मधूनच गंजलेलं एखादं जहाज दिसायचं, वाळूत कललेलं. खानावळीतल्या माणसाने आम्हाला सांगितलं होतं की या किनाऱ्यावर जहाजं फुटली तेव्हा पुष्कळ माणसं पोहून काठाला लागली आणि मग तहानेने मेली. पाठीशी समुद्र, समोर शेकडो मैल वाळू. मी तेव्हापासून त्या माणसांचा विचार करते. पाय जमिनीला लागले तेव्हा त्यांना किती आनंद झाला असेल.

केप क्रॉस नावाच्या जागी सील माशांची वसाहत आहे. मासे म्हणतात, पण ते मासे नव्हेत. कुत्र्यासारखं तोंड, हजारोंनी एकमेकांवर लोळणारे, बोकडासारखे ओरडणारे. आणि वास. गाडीतून उतरताच तो अंगावर आला. कुजकी अंडी, विष्ठा, मेलेली पिल्लं. मी ओढणी नाकावर धरली. इक्बाल दहा पावलं गेले, थांबले आणि गुडघ्यांवर हात ठेवून ओकले. मी पाणी दिलं, पाठ चोळली. ते गाडीत बसले, काचा वर केल्या, काही मैल गाडी चालवली आणि रस्त्याच्या कडेला थांबवली. धुकं इतकं होतं की पुढचं काहीच दिसत नव्हतं.

"त्या दिवशी दुसरी टेस्ट मी केली नव्हती," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग ते सांगत गेले, काचेकडे बघत. सुट्टीनंतर हवा पुन्हा तपासायची होती. टाकी केबिनपासून लांब, बाहेर तोझ, डोळे उघडत नव्हते. सकाळचे आकडे चांगले होते. त्यांनी केबिनमध्ये बसून तेच आकडे पुन्हा लिहिले आणि सही केली. दीपक स्वतः कागद न्यायला आला होता. त्याने कागद पाहिला आणि हसून म्हणाला, मास्तरांची सही म्हणजे झालंच. कागदावर हवा स्वच्छ असली की आत साधा धुळीचा मास्क चालतो, तोच त्याच्या तोंडावर होता. त्या वायूपुढे तो काढला काय आणि ठेवला काय, सारखंच. पडताना निसटला असेल. वायूला आधी तोच कुजक्या अंड्यांचा वास येतो, इक्बाल म्हणाले, आणि मग नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेला वास.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. गाडीच्या काचेवर धुक्याचे थेंब जमून खाली घसरत होते.

"सुजाताला सांगायला हवं," ते म्हणाले. "कंपनीलाही."

"कुणालाही सांगायचं नाही," मी म्हटलं. "सुजाताला तर नाहीच."

"तिला वाटतं, त्यानेच मास्क काढला."

"वाटू दे. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

हे वाक्य माझं आहे. मी ते मोठ्याने, स्पष्ट बोलले. मला तुरुंग दिसत होता, बताका, म्हणजे कुवेतचं ओळखपत्र, रद्द होणं दिसत होतं, सनाची नववी दिसत होती. हे सगळं दिसायला मला एक मिनिटही लागलं नाही. दीपक माझ्या माहेरचा माणूस होता, माझ्या हातचं जेवलेला. तो मात्र त्या मिनिटात मला दिसला नाही.

इक्बालनी मान हलवली. मग आम्ही तसेच उत्तरेला गेलो, त्या किनाऱ्यावरच्या अभयारण्याच्या फाटकापर्यंत. फाटकावर मोठ्या कवट्या रंगवलेल्या आहेत. तिथून गाडी वळवली. परत स्वाकोपमुंडला आल्यावर त्यांनी महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवण केलं, वर सफरचंदाचा केक मागवला. मला हायसं वाटलं. बोलून मोकळे झाले, आता सुधारतील, असं वाटलं. मीही केक खाल्ला. चांगला होता.

लग्नाला वीस वर्षं झाली की नवरा-बायकोला एकमेकांचं सगळं कळतं म्हणतात. त्यांनी मला त्यांचं ओझं दिलं, ते मी झाकून परत त्यांच्याच हातात ठेवलं, आणि त्यालाच मी सांभाळून घेणं समजले, हे मला कळायला पाच वर्षं लागली.

कुवेतला आल्यावर त्यांना बढती मिळाली. नव्या कामगारांना सुरक्षिततेचं शिक्षण द्यायचं काम. दर महिन्याला एक वर्ग. त्यात दीपकच्या अपघाताची एक स्लाइड होती, नाव न घेता केलेली. कामगाराने मास्क काढला, कामगाराचा मृत्यू. खाली लाल अक्षरांत, नियम पाळा. ती स्लाइड इक्बालनी दर महिन्याला लावली आणि समजावून सांगितली. समोर बिहारची, आंध्रची, कधी आपल्या कोकणातली पोरं बसलेली असत. वर्ग असलेल्या दिवशी ते घरी येऊन बूट न काढता सोफ्यावर बसून राहायचे. सना इंग्रजीत विचारायची, डॅड, आर यू ओके? ते हो म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी दीपकची आई गेली. मी सुजाताला फोन केला. ती आता पहिल्यापेक्षा मोकळी बोलायची. तिने सांगितलं की सासूबाई शेवटपर्यंत एकच धरून बसल्या होत्या, माझ्याच संस्कारात काही कमी पडलं, एवढा सावध पोर, त्याने मास्क का काढला. मी हूं हूं करत ऐकलं. इक्बालना मी फक्त ती गेल्याचं सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

पाचव्या वर्षी, एका वर्गात, ती स्लाइड पडद्यावर आली आणि इक्बाल थांबले. मग हिंदीतून त्यांनी सांगितलं की हे खोटं आहे, टेस्ट मी केली नव्हती, सही माझी होती. मला हे त्यांच्याकडून संध्याकाळी कळलं. ते बूट काढून, पाय धुऊन आले होते. मी विचारलं, मला का नाही विचारलंत? ते म्हणाले, तुला विचारलं होतं, नसीम. मिठाच्या रस्त्यावर.

कंपनीने त्यांना महिन्याभरात मोकळं केलं. कागद जुना झाला होता, तो पुन्हा उघडायची कुणालाच इच्छा नव्हती. ज्या तुरुंगाला मी पाच वर्षं भ्याले, तो कुठे नव्हताच. सना तोपर्यंत कॅनडाला निघून गेली होती.

त्या डिसेंबरात आम्ही दोघं दाभोळहून फेरीबोटीने पलीकडे गेलो. सुजाताने ओटीवर चटई टाकली, पाणी आणि गूळ ठेवला. ती वाळली होती, केस पुढून पांढरे झाले होते. अंगणात सुपारी वाळत घातलेली. इक्बाल बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं, सकाळच्या आकड्यांपासून. दीपक हसून काय म्हणाला तेही सांगितलं. ती खांबाला टेकून ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली की सासूबाईंना कळायला हवं होतं. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं,

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

मी तोंड उघडण्याआधी इक्बाल म्हणाले, "नाही. तिला मी काही सांगितलं नव्हतं."

मी सुपाऱ्यांकडे बघत राहिले. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ते राहू दिलं. एका सहीने जे केलं होतं, ते मी काहीही न लिहिता केलं.

सुजाताने इक्बालना एक मागितलं, हे वाडीतल्या लोकांसमोर बोला. ते संध्याकाळी देवळाच्या मंडपात बोलले. एका म्हाताऱ्याने त्यांना शिव्या घातल्या, दीपकच्या चुलतभावाने हात उगारला, मग कुणीतरी त्यांना खाली बसवून चहा दिला. मी बायकांच्या मागे उभी होते. दोन बायकांनी माझा हात धरला. बिचारीला पाच वर्षं काही माहीत नव्हतं, त्या म्हणाल्या.

इक्बाल परत कुवेतला आले नाहीत. ते महिन्यातून एकदा खाडी ओलांडतात. सुजाताच्या पंपाचं, छपराचं काही असलं तर बघतात, नसलं तर ओटीवर बसून येतात. आमचं फोनवर रोज बोलणं होतं. काय जेवलात, गोळ्या घेतल्या का. त्या खोट्याबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

परवा तोझीच्या दुसऱ्या दिवशी सनाचा फोन आला. तिला खोलीत लावायला आमचा तो वाळवंटातला फोटो हवा होता. मग तिने विचारलं, मॉम, व्हॉट हॅपन्ड ऑन दॅट ट्रिप? डॅड त्याबद्दल कधी बोलतच नाहीत. मी म्हटलं, काही नाही गं, फिरलो, आलो. हे इतक्या सहज माझ्या तोंडून आलं की मी स्वतःच दचकले. ती पुढे अभ्यासाचं काहीतरी सांगत होती, माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दीपकचं श्राद्ध होतं, हे मला इक्बालकडून माहीत होतं. ते सकाळीच पलीकडे जाणार होते. मी शाळेच्या वह्या समोर घेऊन बसले, दोन तपासल्या, त्यातली एक चुकीची तपासली. मग सुजाताला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, इक्बालभाई अंगणात आहेत, देऊ का?

"नको," मी म्हटलं. "तुम्हालाच केलाय."

मग मी सांगितलं. मिठाचा रस्ता, धुकं, त्यांनी काय म्हटलं, मी काय म्हटलं. माझं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मध्ये दोनदा पाणी प्यायले. पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली, तिने फोनवर हात ठेवून, आले, असं सांगितलं.

"मला माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "त्या दिवशीच कळलं. इक्बालभाईंना खोटं बोलता येत नाही. तुम्ही कधी बोलता, तेवढंच मी बघत होते."

माफ करा म्हणायला मी फोन केला होता, पण तो शब्द आता तिच्यावर आणखी एक काम टाकल्यासारखा वाटला. ती म्हणाली, पानं वाढायची आहेत. मग तिने विचारलं,

"त्यांना सांगू, तुम्ही सांगितलंत म्हणून?"

"सांगा," मी म्हटलं.

तिने फोन बंद केला नाही, तसाच हातात ठेवला असावा. तिची पावलं ओटीवरून उतरून अंगणात जाताना मला ऐकू आली. "इक्बालभाई," तिने हाक मारली, आणि लाइन तुटली.